कोयता आणि बाईचे मन

नगर जिल्ह्यातील सहकाराचा इतिहास सांगताना वक्ते लोणीपासून आरंभ करतात, आणि ते रास्तच आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला. शेतकरी मालक झाला. मात्र ऊस कोणी तोडला, हे त्या इतिहासात एका ओळीत आटोपते. शेजारच्या बीडमधून आणि आमच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडातून जोडपी येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हाती, हिशेब मुकादमाच्या वहीत. बाईचे वेगळे नाव त्या वहीत नाही.

मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या या बाईला पाळीच्या दिवसांतही विसावा नाही. खाडा पडला की दंड. कोपीला न्हाणी नाही, संडास नाही. ओटीपोट दुखू लागले की कोणी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो, आणि तिशीच्या आतबाहेरच बाई 'पिशवी' काढून घेते. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीडमधील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक! शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा मुकादमाकडूनच पैसे घ्यावे लागतात, म्हणजे पुढचा हंगामही गहाण.

शरीराच्या हानीविषयी पुष्कळ लिहिले गेले. मनाची विचारपूस थोडी झाली. अंडाशयही काढले असेल तर ऋतुनिवृत्ती एकाएकी येते. अंगाची आग होते, झोप उडते, उगाच रडू येते. बाई त्याला आजार मानीत नाही. आपलाच स्वभाव बिघडला, आपण कुचकामी झालो, असे मानते. घरचेही तेच म्हणतात.

शहरात वजन उतरवण्यासाठी जठर लहान करून घेतात. तेथे आधी मनाची तपासणी करण्याचा प्रघात आहे, आणि तो अनुभवातून आला. स्वीडनमधील दहा वर्षांच्या पाहणीत पहिल्या वर्षी उभारी धरलेले मन पुढे काही अंशी खालावलेले दिसले. वजन घटले म्हणून बाईला स्वतःची किंमत वाढल्यासारखी वाटतेच असे नाही. जिने हौसेने वा सल्ल्याने निर्णय घेतला तिची ही कथा. जिच्यापुढे खाडा आणि दंड उभा, तिला कोणी बसवून विचारले?

बीडमध्ये २०१९ साली या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ठीक झाले. पण कागदावर सही आली म्हणून दंड थांबत नाही. म्हणून आमची मागणी अगदी साधी आहे : कोयता फोडा. वहीत बाईचे नाव निराळे, मजुरी तिच्या हाती, आणि पाळीच्या दिवसांचा खाडा माफ.