गंजाखालचा नांगर

गोठ्यामागे पडलेला आजोबांचा लोखंडी नांगर मी दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढला. बोल्ट रॉकेलमध्ये भिजवले, तारेच्या ब्रशने गंज घासला, तर खालून अक्षरं दिसली: किर्लोस्कर.

बेळगावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर घडवला. लाकडी नांगर माती नुसती उकरायचा, हा खोल जाऊन ती पलटायचा. तरी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

नवं फीचर कुणी वापरलं नाही, की आमच्या टीममध्ये युजरला नावं ठेवतात. त्या शेतकऱ्यांनाही आपण अडाणी म्हणून मोकळे होतो. पण त्यांच्याकडे जमीन एकच होती. प्रयोग फसला असता, तर वर्षभर खायचं काय?

आमच्या नांगराचा फक्त फाळ झिजला होता. गावच्या लोहारकाकांनी नवा बसवला. शेजाऱ्यांच्या बैलजोडीने परसात चार तासं मारली. आजीने ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि म्हणाली, "मेथी टाक आता."