टाइप बीट म्हणजे काय? अनोळखी प्रोड्यूसरला लोक शोधतात कसे?

नवा रॅपर यूट्यूबवर तुमचं नाव टाकत नाही, तो ‘ड्रेक टाइप बीट’ असं शोधतो. म्हणून प्रोड्यूसर शीर्षकातच मोठ्या रॅपरचं नाव घालतात. नेदरलँड्सच्या यंगकिओची बीटस्टार्सवरची बीट लिल नास एक्सने ३० डॉलरला घेतली. तिच्यावरचं ‘ओल्ड टाउन रोड’ २०१९ मध्ये बिलबोर्ड हॉट १०० वर १९ आठवडे पहिलं राहिलं. बीटमधला बँजो मात्र नाइन इंच नेल्सच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेला, त्यामुळे श्रेयात त्यांचेही वाटेकरी आले.

कॉलेजात असताना मी पहिली बीट व्हॉइस टॅग न घालताच टाकली होती. पुढे ती कुणाच्या तरी गाण्यात ऐकली, माझं नाव कुठेच नाही! आता टॅग आधी, मग अपलोड. आणि लीज विकताना श्रेय कसं द्यायचं ते लिहूनच घेतो.