मावळच्या फौजेची सिद्धता

सतराव्या शतकाच्या मध्यास भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत आकारास आलेलें स्वराज्य विस्तारानें लहान आणि द्रव्यबळानें त्याहून लहान होतें. तोरणा व राजगड हे त्याचे मुख्य आधार. विजापूरच्या अफाट फौजेवर मात करावयाची तर ती वेगानेंच करणें भाग होतें.

परंतु वेगाला आधीं एकी लागते. मावळांत प्रत्येक देशमुखाची जमात निराळी आणि वतनाचे तंटे जुने. १६५९ सालीं अफजलखान चालून आला तेव्हां कांहीं देशमुख त्याला मिळाले. कारीचे कान्होजी जेधे मात्र वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांपाशीं राहिले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखालीं खान मारला गेला आणि अवघ्या १८ दिवसांत पन्हाळा हातीं आला.

एकीच्या जोडीला सरंजामही लागतो. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. सभासद बखरीप्रमाणें २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तितक्याच घोड्यांमागें एक नालबंद व पाणी पुरविणारा एक पखालजी. तरवार सर्वांच्या नजरेंत भरते. पण नाल निखळलेला, तहानलेला घोडा किती कोस धांवणार? लहान राष्ट्राच्या संरक्षणाचा विचार करतांना या नालबंदाचें व पखालजीचें स्मरण ठेवणें अगत्याचें आहे.