फोटोच्या पोटातला पत्ता

धाराशिव जिल्ह्याला पाऊस झोडपून गेला की गावोगावच्या ग्रुपवर एकाच घडणीचे फोटो फिरू लागतात. आडवं झालेलं सोयाबीन, गुडघाभर पाण्यात उभा शेतकरी, आणि फोटोच्या तळाशी एक काळसर पट्टी. पट्टीत नकाशाचा चिमुकला चौकोन आणि त्यात लाल टाचणी. शेजारी गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. त्याखाली अक्षांश-रेखांश, दशांशचिन्हापुढे पाच-सहा आकड्यांपर्यंत, आणि शेवटी तारीख-वेळ. जीपीएस मॅप कॅमेरा किंवा त्याच्याच जातीचं एखादं ॲप ही पट्टी छापतं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक, ठेकेदार, मास्तर, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते सापडेल. "साधा नको, जिओ टॅगचा टाका" हे कचेरीतलं रोजचं वाक्य झालं आहे. (पट्टीवर जिल्ह्याचं नाव कधी उस्मानाबाद उमटतं, कधी धाराशिव. नामांतर २०२३ मध्ये झालं. नकाशांनी आपापल्या सवडीने ते मानलं. आकडे मात्र तेच राहिले.)

दशांशचिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण मीटरभर. मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो असं धरलं तरी माणूस कोणाच्या बांधावर उभा होता हे त्यातून कळतं.

फोटो पाठवण्याआधी त्यातलं ठिकाण पुसून टाकावं, असा सल्ला मोबाइलचे जाणकार देतात. इथे तो ऐकून कोणीही हसेल. ठिकाण नसलेला फोटो इथे कोण विचारतो? पण पट्टी लावणं आणि ठिकाण पुसणं या दोन्ही रीती एकाच कुळातल्या आहेत, आणि ते कूळ मोबाइलपेक्षा बरंच जुनं आहे.

हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हाचे दरबारी छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. काचेच्या निगेटिव्हवरच सही, क्रमांक आणि ठिकाणाचं नाव घालण्याची त्यांच्या स्टुडिओची पद्धत होती. त्यामुळे फोटो कितीही वेळा छापला तरी नाव त्याच्यासोबत जायचं. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचे फोटोही याच स्टुडिओने काढले आणि निजाम सरकारने काय केलं ते दाखवणारा अल्बम त्यातून तयार झाला. दुष्काळी कामाचा फोटो म्हणजे सरकारी पुरावा, ही कल्पना मराठवाड्यात इतकी जुनी आहे.

पुढची पायरी कोडॅकने गाठली. १९१४ मध्ये त्यांनी ऑटोग्राफिक कॅमेरे काढले. कॅमेऱ्याच्या पाठीला एक बारीक झडप असायची. ती उघडायची, धातूच्या टोकाने फिल्मच्या पाठच्या कागदावर चार शब्द गिरवायचे आणि थोडा उजेड आत जाऊ द्यायचा. फिल्म धुतली की दोन फोटोंच्या मधल्या रिकाम्या पट्टीत ते शब्द उमटायचे. १९३२ मध्ये हा प्रकार बंद पडला. त्यानंतर कॅमेरा आपल्या हाताने लिहू लागला, पण फक्त तारीख. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये नवरदेवाच्या बुटाजवळ उमटलेले ते नारिंगी आकडे अजून पाहायला मिळतात. कॅमेऱ्याला घड्याळ कळत होतं. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नव्हतं.

ते कळण्यासाठी दोन घराणी एकत्र यावी लागली, आणि दोघांच्याही मनात सामान्य माणसाचा पत्ता नव्हता. पहिलं घराणं जपानी. डिजिटल कॅमेरे बाजारात येऊ लागले तेव्हा प्रत्येक कंपनी फोटोबरोबरची माहिती आपापल्या तऱ्हेने साठवायची. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने एक सामाईक साचा ठरवला. त्याचं नाव एक्झिफ. फोटोच्या फाइलमध्ये चित्राच्या आधी काही कप्पे: कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख, शटर किती वेळ उघडं होतं, फ्लॅश पडला की नाही. नव्वदीतच त्यात जीपीएससाठीही कप्पे ठेवले गेले, पण ते भरणारं यंत्र कॅमेऱ्यात नव्हतं. जागा तयार होती, राहायला कोणी आलं नव्हतं.

दुसरं घराणं अमेरिकी लष्कराचं. जीपीएसचे उपग्रह त्यांचे, आणि बाकी जगाला मिळणाऱ्या संकेतात ते मुद्दाम चूक मिसळत. ती शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० मध्ये ही भेसळ थांबवण्यात आली आणि बिगरलष्करी यंत्रं एका रात्रीत कितीतरी नेमकी झाली. २००८ मध्ये आयफोन ३जी जीपीएस घेऊन आला, निकॉनने कूलपिक्स पी६००० मध्ये ते बसवलं, आणि जपान्यांनी ठेवलेले कप्पे भरू लागले.

कप्पा उघडून पाहिला तर आत काय असतं? धाराशिव शहरातला एखादा फोटो घ्या. पहिल्या खान्यात उत्तरेचं एक अक्षर. पुढच्या खान्यात तीन अपूर्णांक: १८/१, १०/१, ४८३२/१००. म्हणजे १८ अंश, १० मिनिटं, ४८.३२ सेकंद. मग पूर्वेचं अक्षर आणि रेखांशाचे तीन अपूर्णांक. उंचीचा वेगळा खाना, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं त्याचा वेगळा, आणि उपग्रहाकडून आलेल्या वेळेचा आणखी एक. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सगळं मिळून काहीशे बाइट. फोटो पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

न दिसणं हीच पुढच्या सगळ्या घोटाळ्याची मेख ठरली. अमेरिकी लष्कराने पुढे आपल्या सैनिकांना सावध करताना २००७ मधली इराकची हकिगत सांगितली. तळावर नवी अपाचे हेलिकॉप्टरं उतरली, सैनिकांनी हौसेने फोटो इंटरनेटवर टाकले, फोटोच्या पोटातल्या आकड्यांवरून शत्रूने जागा हेरली आणि तोफगोळ्यांच्या माऱ्यात चार हेलिकॉप्टरं गेली. जगभर बोभाटा झाला तो मात्र डिसेंबर २०१२ मध्ये, जॉन मॅकॅफीच्या फोटोमुळे. संगणकातले विषाणू मारणाऱ्या कंपनीचा हा संस्थापक बेलीझमधल्या खून प्रकरणातली चौकशी टाळून पळत होता. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या व्हाइस मासिकाच्या मंडळींनी ऐटीत एक फोटो प्रसिद्ध केला. फोटो आयफोनचा, कप्पे भरलेले. तो ग्वाटेमालात आहे हे वाचकांनी लगेच काढलं आणि दोन दिवसांत तो ताब्यात आला. दुसऱ्यांच्या संगणकांची राखण करून श्रीमंत झालेला माणूस एका फोटोने सापडावा, याहून नामी जाहिरात ठिकाण पुसणाऱ्यांना मिळाली नसती.

पुसण्याचं हत्यार तोवर तयारच होतं. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी २००३ मध्ये एक्झिफटूल लिहिलं आणि फुकट वाटलं. त्यात एखादा कप्पा रिकामा करायचा तर त्याचं नाव लिहायचं, बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि पुढे काहीच लिहायचं नाही. शिवाय ते मूळ फाइल बाजूला जपून ठेवतं. ही दुसरी सोय मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते, ती का ते पुढे येईलच. विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांतून वैयक्तिक माहिती काढण्याची सोय आली. २०१९ मध्ये आयफोनवर फोटो पाठवतानाच ठिकाण वगळता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडने फोटोतलं ठिकाण वाचू पाहणाऱ्या ॲपना वेगळी परवानगी घ्यायला लावली. फेसबुक लोकांना दाखवायच्या फोटोतून हे कप्पे काढून टाकतं. स्वतःपुरती माहिती मात्र ठेवून घेतं.

जगाने पुसायला शिकावं आणि आपल्याकडे लावायची सक्ती व्हावी, हे साधारण एकाच दशकात घडलं. जलयुक्त शिवारची कामं, २०१६ पासून घरकुलाचे हप्ते, रोजगार हमीच्या विहिरी आणि बांध, सगळीकडे ठिकाणासह फोटो आला. पाया झाला, फोटो. भिंती उठल्या, फोटो. तो नसेल तर पुढचा हप्ता नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच्या मोबाइलने पिकाचा फोटो सातबाऱ्याला जोडू लागला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा ठिकाणासह फोटो बंधनकारक झाले. त्यातही पळवाट निघाली. फोटोचाच फोटो काढून चढवला जातो, असं केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं. अक्षांश खरा, माणसं खोटी.

धाराशिवच्या माणसाला या पट्टीचा इतका भरवसा का वाटतो, याला एक ताजी आठवण आहे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत इथलं सोयाबीन गेलं. विमा कंपनीने बहुतेकांना भरपाई नाकारली. कारण, नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवलं नाही. शेतात पाणी, वीज नाही, रेंज नाही, आणि कळवायचं मोबाइलवरून. सरकारी पंचनामे झाले होते, तरी प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, आणि तो साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांचा प्रश्न होता. पुरावा हाताशी नसला तर काय होतं हे ज्याने असं पाहिलं, त्याला फोटोवरचं ठिकाण पुसा म्हणून सांगणारा खुळाच वाटणार. मलाही त्याचं म्हणणं पटतं.

अडचण पुढे आहे. पट्टीचा फोटो कचेरीत जातो तसाच तो ग्रुपवरही जातो. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला तर फाइल लहान करताना पोटातले कप्पे गळून पडतात. हा आपोआप मिळालेला आडोसा. पण पट्टीवरचे आकडे कप्प्यात नसतात, ते चित्रातच उमटलेले असतात. एक्झिफटूल चालवा, स्क्रीनशॉट काढा, दहा वेळा फॉरवर्ड करा, ते हलत नाहीत. दीनदयाळांच्या काचेवरच्या अक्षरांचं आणि या पट्टीचं नातं इथे दिसतं. तिच्यावर उपाय एकच, कात्री. शिवाय हे ॲप एकदा मोबाइलमध्ये आलं की हाताला त्याचीच सवय लागते, आणि घराच्या वास्तुशांतीचा, दारातल्या नव्या ट्रॅक्टरचा, शाळेतून आलेल्या लेकीचाही फोटो पट्टीसकट निघतो.

आडोसा आणखी एका वाटेने मोडतो. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी पोराचा फोटो पाठवला की फ्लेक्सवाला म्हणतो, "डॉक्युमेंटमधून टाका, असा फाटतो." खरंच आहे त्याचं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल लहान होत नाही, म्हणून फोटो स्वच्छ येतो. आणि कप्पेही शाबूत राहतात. ईमेलचंही तेच. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू असेल, तर पोराबरोबर घराचा उंबराही फ्लेक्सवाल्याच्या संगणकात जाऊन बसतो.

ठिकाण लपवण्याची गरज सर्वांत नीट ओळखली ती प्राण्यांच्या अभ्यासकांनी. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटातल्या जातीची नोंद केली की नेमका बिंदू लोकांना दिसत नाही. अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी, एवढंच दिसतं. आपल्याकडे हा चौकोन साधारण २२ किलोमीटरचा पडतो. धाराशिव आणि तुळजापूर दोन्ही त्यात मावतील. खरा आकडा मागे जपलेला असतो, तो फक्त नोंद करणाऱ्याला आणि त्याच्या विश्वासातल्यांना दिसतो. पुसणं आणि जपणं एकाच वेळी, एक्झिफटूलच्या जपलेल्या मूळ फाइलीसारखं. अशी काळजी घेण्याला कारणही आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या जीपीएस कॉलर लावलेल्या एका वाघाची ठिकाणं ज्या ईमेलवर येत, तो ईमेल पुण्यातून कोणीतरी उघडायचा प्रयत्न केला. सर्व्हरने तो अडवला.

डिसेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न थेट धाराशिवच्या दारात आला. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोचला आणि कॅमेरा ट्रॅपमध्ये दिसला. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याचं मूळ गाव कळलं. अभयारण्य सगळं मिळून सुमारे २२ चौरस किलोमीटरचं, भोवती शेती आणि जनावरं. अशा ठिकाणी वासरू मारलं गेलं तर भरपाईसाठी पंचनामा लागतो, पंचनाम्याला फोटो लागतो, आणि फोटोला ठिकाण लागतं. शेतकऱ्याचा तो हक्कच आहे, त्यातला एकही आकडा कमी करून चालणार नाही. पण तोच फोटो पट्टीसकट ग्रुपवर पडला, तर वाघ रात्री कुठे येणार हे साऱ्या तालुक्याला कळतं. कारण अर्धवट खाल्लेल्या जनावराकडे वाघ परत येतो, आणि विष घालणारा ते तिथेच घालतो.