दिनविशेष : १४ डिसेंबर
राइट बंधूंचा साडेतीन सेकंदांचा अपघात (१९०३)

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, किटी हॉक गावाजवळच्या किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांवर १९०३ साली आजच्या दिवशी राइट बंधूंनी इंजिन जोडलेले विमान उडवण्याचा पहिला प्रयत्न केला. जवळच्या जीवरक्षक ठाण्यातील माणसांनी विमान उतारावर चढवायला हातभार लावला. आधी कोणी उडायचे, याचा नाणेफेकीने निकाल लागला आणि विल्बर जिंकला.

६० फुटी रुळावरून सुटताच विल्बरने विमानाचे नाक जरुरीपेक्षा जास्त वर उचलले. वेग कमी झाला, पंखांना आधार देणारी हवेची उचल संपली आणि अवघ्या साडेतीन सेकंदांत विमान वाळूवर आदळले. विल्बरला इजा झाली नाही, पण विमानाच्या पुढच्या भागाची मोडतोड झाली. उतारावरची ही ताबा सुटलेली झेप बंधूंनी उड्डाण म्हणून धरलीच नाही.

मात्र इंजिनाची ताकद आणि रुळाची रचना पुरेशी असल्याची खात्री पटली होती. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबरला ऑर्व्हिलने सपाट जमिनीवरून १२ सेकंदांत १२० फुटांचे पहिले यशस्वी उड्डाण केले. त्याच दिवशी विल्बरने ५९ सेकंदांत ८५२ फुटांचा पल्ला गाठला.