एचआयव्हीवरील प्रतिविषाणू औषधांचे सेवन : बीड जिल्हा

मानवी रक्तातील रोगप्रतिकारक पेशींत शिरून तेथे आपली वंशवृद्धी करणाऱ्या एचआयव्ही विषाणूस त्या वृद्धीपासून अडविणारी, परंतु त्याचे समूळ उच्चाटन न करणारी जी औषधे रुग्णाने आजन्म आणि प्रतिदिनी घ्यावयाची असतात, त्यांच्या संयुक्त योजनेस प्रतिविषाणू उपचार अथवा एआरटी अशी संज्ञा आहे. या औषधांचा धोका त्यांच्या सेवनापेक्षा त्यांच्या खंडात अधिक आहे, ही गोष्ट प्रथमच नमूद केली पाहिजे. आणि ज्या जिल्ह्यातील लाखो माणसे वर्षाचे पाच-सहा महिने आपल्या गावी नसतात, त्या जिल्ह्यात तर सुरक्षित सेवनाचा सारा विचार या एका गोष्टीपासूनच सुरू करावा लागतो.

झिडोव्हुडिन हे या वर्गातील पहिले औषध 1987 मध्ये मान्यता पावले व 1996 च्या सुमारास तीन औषधांच्या संयोगाने रोगाची गती खरोखर रोखता येते, हे सिद्ध झाले. त्या वेळची किंमत मात्र सामान्य भारतीय कुटुंबाच्या कल्पनेबाहेरची होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने 2001 मध्ये तिहेरी औषधाचा वर्षाचा खर्च गरीब देशांत काम करणाऱ्या वैद्यकीय संस्थांसाठी 350 डॉलरपर्यंत खाली आणला आणि 1 एप्रिल 2004 पासून केंद्र सरकारने मोफत वाटपाची तजवीज केली. 2017 मध्ये, रोगप्रतिकारक पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करावा, असे धोरण ठरले. बीड जिल्ह्यात ही सेवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपलब्ध आहे. गाव-खेड्यातील माणसासाठी गावाकडेच काढलेले हे महाविद्यालय या कामी उपयोगी पडावे, यात त्याच्या स्थापनेमागील हेतूचीच सार्थकता आहे.

सांप्रत प्रौढांसाठी प्रचलित असलेल्या गोळीत टेनोफोविर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन 300 मिलिग्रॅम व डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम ही तीन औषधे एकवटलेली असून ती दिवसातून एकदा, जेवणापूर्वी अथवा जेवणानंतर, सोयीच्या परंतु ठरलेल्या वेळी घ्यावयाची असते. पूर्वीच्या एफाविरेन्झने रात्री भोवळ येई व विचित्र स्वप्ने पडत, नेव्हिरापिनने अंगावर पुरळ उठून क्वचित ते प्राणावर बेतत असे, स्टॅव्हुडिनने गाल बसत व पायांना मुंग्या येत. त्या मानाने आजची गोळी सौम्य आहे. प्रारंभीची मळमळ, डोकेदुखी, झोप उडणे ही लक्षणे बहुधा थोड्या आठवड्यांत ओसरतात. वजन मात्र वाढू शकते आणि रक्तशर्करेवर नजर ठेवावी लागते. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर आठवण होताच ती घ्यावी. पुढची वेळ अगदी जवळ आली असल्यास राहिलेली सोडून द्यावी. पण दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. वारंवार खंड पडला, की दबलेला विषाणू काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतो आणि अर्धवट औषधाच्या सान्निध्यात वाढल्यामुळे त्या औषधास न जुमानणारी त्याची प्रजा निपजते. ज्यांना हिपॅटायटिस-बी ही कावीळही आहे, त्यांच्या बाबतीत खंडाचा परिणाम आणखी तीव्र होतो. कारण टेनोफोविर व लॅमिव्हुडिन ही दोन औषधे तिलाही आवरून धरीत असतात व ती अकस्मात बंद होताच यकृताचा दाह उसळू शकतो.

आता ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचा प्रश्न. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, केज आदी तालुक्यांतील कोरडवाहू कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातील कारखान्यांवर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात परततात. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णास एआरटी केंद्रातून एका वेळी तीन महिन्यांची औषधे देण्याची मुभा आहे. म्हणजे कार्तिकात घेतलेला साठा माघात संपतो आणि हंगाम तर फाल्गुन-चैत्रापर्यंत चालू असतो. तेव्हा निघण्यापूर्वी केंद्रातील समुपदेशकास मुक्कामाचे गाव व कारखाना सांगून, तेथील जवळच्या केंद्रातून पुढील औषधे मिळण्यासाठी बदलीचा कागद घेणे ही औपचारिकता न समजता उपचाराचेच अंग समजले पाहिजे. सर्व केंद्रे एकाच राष्ट्रीय कार्यक्रमाखाली असल्यामुळे आपल्या नोंदीचे पुस्तक व नोंदणी क्रमांक जवळ असेल, तर परजिल्ह्यातही रुग्णाची रुजुवात होऊ शकते. पण उसाच्या फडावरून तालुक्याच्या ठिकाणी जावयाचे म्हणजे त्या दिवसाचा खाडा पडतो, खाड्यापायी पैसे कापले जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने एकाच्या गैरहजेरीचा भुर्दंड दोघांच्या माथी येतो. अशा माणसास ‘नियमित या’ एवढाच उपदेश करणे न्यायाचे नाही. त्याच्या हंगामाचा हिशेब औषधवाटपाच्या दप्तरात मांडला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

कोपीतील वास्तव्य हीही स्वतंत्र अडचण आहे. चटया आणि ताडपत्रीच्या त्या आडोशात दार नसते, कडी नसते. पेटी उघडली की शेजारच्या चार कोप्यांना दिसते. तेव्हा बाटलीवरील नाव कुणी वाचू नये म्हणून गोळ्या कागदाच्या पुडीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून ठेवण्याचा मोह होतो. हे टाळावे. बाटलीत ओल शोषून घेणारी जी लहान पुडी असते ती गोळ्यांच्या रक्षणासाठीच असते. पहाटेच्या दवात आणि उसाच्या ओलाव्यात उघड्या राहिलेल्या गोळ्या खराब होतात. चिठ्ठी काढून टाकावी हवी तर, परंतु गोळ्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, चुलीपासून व उन्हापासून दूर ठेवाव्यात. वेळ निवडतानाही फडाचा दिनक्रम पाहावा : पहाटे चारला तोडणी सुरू होते आणि गाडी भरण्यास रात्र केव्हा होईल याचा नेम नसतो, म्हणून तोडीला निघण्याआधीच्या चहाची वेळ अनेकांना पाळता येण्याजोगी ठरते.

याहूनही दुर्लक्षिलेला विषय म्हणजे या गोळीच्या जोडीला घेतली जाणारी इतर औषधे. डोल्युटेग्राविर हे औषध लोह, कॅल्शियम, ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम या धातूंशी पोटात बांधले जाते आणि मग रक्तात पुरेसे उतरत नाही. रक्तक्षयासाठी आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी, गरोदरपणातील कॅल्शियम आणि जळजळीवर दुकानातून आणलेले आम्लपित्ताचे पातळ औषध या तिन्ही गोष्टी जिल्ह्यातील घरोघरी आढळतात. आम्लपित्ताचे औषध घ्यावयाचे असल्यास त्याच्या 2 तास अगोदर अथवा 6 तास नंतर एआरटीची गोळी घ्यावी; लोह व कॅल्शियम यांच्याबाबतही हेच अंतर पाळावे, किंवा जेवणाबरोबर दोन्ही एकत्र घेतली तरी चालतात, मात्र उपाशीपोटी एकत्र घेऊ नयेत. लोह वा चुन्याचा अंश असणाऱ्या भस्मांविषयी त्याच न्यायाने सावधगिरी बाळगावी व ती घेत असल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्यास संकोच न करता सांगावे. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची मात्रा डोल्युटेग्राविरबरोबर सामान्यतः दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असता डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा द्यावे लागते. फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन हीही त्याचे रक्तातील प्रमाण घटवितात.

वेदनाशामकांची गोष्ट या जिल्ह्यात विशेष जिव्हाळ्याची. दिवसभर वाकून तोडणी आणि डोक्यावर मोळी वाहून गाडी भरणे, यांनी कंबर व मान धरलेला मजूर डायक्लोफिनॅकची गोळी किंवा सुई घेतो. अंगातले पाणी घामावाटे गेलेले असते. टेनोफोविरचा मुख्य दुष्परिणाम मूत्रपिंडावर होतो, आणि याच अवस्थेत वरून अशी वेदनाशामके वरचेवर घेतली तर त्या इंद्रियास दुहेरी इजा पोहोचते. म्हणून मूत्रपिंडाचे कार्य दाखविणाऱ्या क्रिएटिनिनची तपासणी वेळच्या वेळी करून घ्यावी, पाणी भरपूर प्यावे आणि दुखण्यावर काय घ्यावे ते केंद्रातील डॉक्टरांस विचारावे. डोल्युटेग्राविरमुळे क्रिएटिनिनचा आकडा अपायावाचूनही किंचित वाढतो. तेव्हा तेवढ्या आकड्यावरून घाबरून कोणी आपल्या मनाने गोळी सोडू नये. तापासह पुरळ, तोंडात वा डोळ्यांत फोड, डोळे पिवळे होणे, धाप किंवा न थांबणाऱ्या उलट्या दिसल्या, तर मात्र विलंब न लावता दवाखाना गाठावा.

उपचार लागू पडल्याची खूण म्हणजे रक्तातील विषाणूंची घटती गणना. ती सहाव्या व बाराव्या महिन्यास आणि पुढे प्रतिवर्षी करतात. गणना तपासणीस सापडणार नाही इतकी खाली येऊन तेथेच टिकली, तर शरीरसंबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. नवरा-बायकोच्या सहजीवनावरील भीतीचे सावट दूर करणारे हे शास्त्रीय सत्य गावोगाव अजून पुरेसे सांगितले गेलेले नाही, याची खंत वाटते. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 2017 हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अंमलात असून संमतीवाचून रुग्णाची स्थिती उघड करणे व त्यामुळे नोकरी, शिक्षण वा उपचार नाकारणे त्यान्वये निषिद्ध आहे. शंका विचारण्यासाठी 1097 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

गरोदर स्त्रीने औषध अखंड घेतल्यास अर्भकास संसर्ग होण्याचा संभव अत्यल्प राहतो. जन्मानंतर बाळास निदान 6 आठवडे प्रतिबंधक औषध देतात आणि त्याची अखेरची तपासणी 18 महिन्यांनी होते. ज्या मुलांना संसर्ग झालाच, त्यांची मात्रा वजनावर ठरते : लहानांसाठी डोल्युटेग्राविरची पाण्यात विरघळणारी 10 मिलिग्रॅमची गोळी असते व वजन 20 किलोच्या पुढे गेले की 50 मिलिग्रॅमची देता येते, म्हणून प्रत्येक खेपेस मूल तराजूवर उभे करणे अगत्याचे आहे. अशा मुलांचा सांभाळ बीडजवळील पाली येथे दत्ता व संध्या बारगजे यांच्या ‘इन्फंट इंडिया’ या संस्थेत होतो. आईबाप फडावर गेले असता आजी-आजोबांपाशी मागे राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत गोळी कोणी, केव्हा व किती द्यावयाची हे निघण्यापूर्वी ठरवून, ज्याच्याकडे जबाबदारी सोपवावयाची त्यालाच एकदा केंद्रात नेऊन समुपदेशकासमोर मात्रा समजावून घ्यावी.