कर्ज थकलं तर सरकारी नोकरी हुकते का? पालकांनी आणि उमेदवारांनी समजून घ्यायच्या गोष्टी

निवड यादीत मुलाचं नाव लागलं की घरात मिठाई येते आणि पाठोपाठ काळजीही येते. "अब्बांचं पतसंस्थेचं कर्ज थकलंय, पोलीस पडताळणीत पोराचं नाव कापतील का?" शाहूपुरीत हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकायला मिळतो. ऐकीव गोष्टींवर घाबरण्यापेक्षा नियम काय आहेत ते पाहू.

पडताळणीत काय पाहतात?
निवड झालेल्या उमेदवाराला साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात पत्ते, शिक्षण आणि अटक, गुन्हा, खटला, शिक्षा यांची माहिती विचारतात. मग पोलीस चौकशी करून चारित्र्य अहवाल पाठवतात. अमेरिकेत गोपनीय कामाच्या परवानगीसाठी उमेदवाराचे आर्थिक व्यवहार हा वेगळा निकष आहे. आपल्याकडे सर्वसाधारण पडताळणीचा भर गुन्ह्यांच्या नोंदीवर असतो. नुसतं थकलेलं कर्ज हा दिवाणी मामला आहे, गुन्हा नव्हे.

कर्जाचा खटला कधी होतो?
दिलेला चेक वटला नाही आणि नोटीस मिळूनही पैसे भरले नाहीत, तर कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पट दंड होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला, तर 2007 च्या पेमेंट कायद्याचं कलम 25 लागू शकतं. असा खटला चालू असेल आणि फॉर्ममध्ये विचारलं असेल, तर तो लिहायलाच हवा. अवतार सिंग खटल्यात (2016) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिलेली माहिती खरी असली पाहिजे, लपवाछपवी चालणार नाही. किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर त्याचा विचार होऊ शकतो. दडवलं तर निवडच धोक्यात येते.

बँकेची नोकरी
इथे मात्र कर्ज थेट आड येतं. कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवणारा उमेदवार अपात्र, अशी अट स्टेट बँकेच्या जाहिरातीत होती. त्या अटीवरून रद्द झालेली एक नियुक्ती मद्रास हायकोर्टाने जून 2025 मध्ये परत द्यायला नकार दिला. म्हणून प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाचा.

अब्बांचं कर्ज, मुलाचं नाव
वडिलांचं कर्ज मुलाच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये येत नाही. पण मुलगा सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर येतं. शैक्षणिक कर्ज तर विद्यार्थ्याच्याच नावावर असतं. शिवाय पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला घेऊन जामीनदाराच्याही मागे लागू शकते. भाईबंदकीत, दोस्तीत सही करण्याआधी हे ध्यानात ठेवा.

नोकरी लागल्यावर
केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या 1964 च्या वर्तणूक नियमांतला नियम 17 सांगतो की सतत कर्जबाजारी राहू नये आणि कर्जवसुलीचा दावा झाला तर सरकारला लगेच कळवावं. राज्य कर्मचाऱ्यांच्या 1979 च्या नियमांतही अशीच तरतूद आहे.

आता काय करावं?
- सिबिलसह चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. अर्ज भरण्याआधी तो काढा.
- चूक दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढे दररोज 100 रुपये भरपाईचा नियम आहे.
- हप्ता झेपत नसेल तर 90 दिवस उलटण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा. त्यानंतर खातं बुडीत गटात जातं.
- कमी रकमेत तडजोड केली तर रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असा शेरा राहतो. जमेल तेवढं करून पूर्ण फेड करा आणि नो ड्यूज दाखला जपून ठेवा.

सूरह बकराच्या 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायची ताकीद आहे. आपण मात्र भिशी, हातउसने, जामीन सगळं तोंडी चालवतो आणि कागद पुढे आला की घाबरतो. मुलं अभ्यासाला बसतात त्याच वर्षी घरातला हा हिशोबही मांडून बसा. मुलाची मेहनत एका सहीपायी वाया जायला नको.